दीर्घिकेचं अंतर

कणकवलीत बसस्थानकासमोरच्या बोळात महादूचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला गौरजा परब तिथे पोचली, तेव्हा महादू लग्नाचे तीन आणि वाढदिवसाचा एक असे फ्लेक्स गुंडाळून चहा पीत बसला होता. गौरजाने पेनड्राइव्ह त्याच्यापुढे ठेवला. रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये ब्रिटो मॅडमचा सत्कार होता. स्टेजच्या मागे लावायला दहा बाय आठचा फ्लेक्स हवा होता. मजकूर थोडाच, मधोमध एका दीर्घिकेचं चित्र.

मार्गारेट ब्रिटो कणकवलीच्या कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होत्या आणि महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. लॉकडाऊनमध्ये सगळं बंद असताना त्यांना एका वेबसाइटचा नाद लागला. मोठमोठ्या दुर्बिणींनी टिपलेल्या लाखो दीर्घिकांची चित्रं तिथे होती आणि आकारावरून त्यांचे प्रकार ओळखायला कुणीही मदत करू शकत होतं. बाईंनी दोन वर्षांत चाळीस हजारांवर चित्रं पाहिली. त्यातल्या एका पुसट चित्राजवळ त्या थांबल्या. ती दीर्घिका मध्ये फुगीर, कडेला पातळ अशी चकती होती, पण आपल्या आकाशगंगेला असतात तसे वळणदार बाहू तिला नव्हते. अशांना भिंगाकार म्हणतात. त्यांच्यातला बहुतेक वायू संपलेला असतो, नवे तारे जवळजवळ जन्मतच नाहीत. वेबसाइटच्या अंदाजाप्रमाणे ही फार लांबची होती, आणि इतक्या लांब, म्हणजे विश्व इतकं तरुण असताना, दीर्घिका इतकी शांत झालेली असणं नवल होतं.

बाईंनी ते चित्र पुण्याला सर्वेश नाबर नावाच्या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला पाठवलं. तो आता एका संशोधन संस्थेत होता. त्याने त्या दीर्घिकेच्या प्रकाशाचा वर्णपट मिळवला. मोजमापं करायचं काम गौरजाकडे आलं. ती एम.एस्सी. होऊन त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. वर्णपटात एकच ठळक रेघ होती, तापलेल्या वायूची. त्या रेघेवरून अंतर निघालं: प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला नऊ अब्ज वर्षं. तिघांनी मिळून शोधनिबंध लिहिला, युरोपातल्या एका नियतकालिकाने तो स्वीकारला, आणि आज दुपारी साडेचारला तो जगासमोर यायचा होता. पहिलं नाव बाईंचं, दुसरं गौरजाचं. जर्मनीतल्या एका प्राध्यापकांनी गौरजाला लिहिलं होतं, निबंध छापून आला की पाठवा, पीएच.डी.ची एक जागा मी तुमच्यासाठी धरून ठेवली आहे.

महादूने चित्र पडद्यावर मोठं केलं आणि माउस थांबवला.

"मॅडम, हयसर डाग आसा," तो म्हणाला. "निळो. फ्लेक्सवर मोठो दिसतलो. काढून टाकू?"

गौरजा खाली वाकली. फुगीर भागाच्या अगदी कडेला एक निळसर ठिपका होता. हे चित्र सर्वेशने परवाच पाठवलं होतं, खास फ्लेक्ससाठी, अंतराळातल्या दुर्बिणीचं. निबंधात वापरलेलं चित्र जमिनीवरच्या दुर्बिणीचं होतं, यापेक्षा कितीतरी धूसर. त्यात हा ठिपका तिने कधी पाहिला नव्हता.

"नको," ती म्हणाली. "काढू नको. सध्या छापूच नको. मी फोन करतंय."

कॉलेजला सुट्टी होती. शिपायाकडून तिने प्रयोगशाळेची किल्ली घेतली, लॅपटॉप उघडला आणि नव्या चित्रावर एक छोटं वर्तुळ काढलं. वर्णपट घेताना दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश केसासारख्या बारीक काचतंतूच्या तोंडातून आत घेतात. त्या तोंडासमोर जे काही येईल त्या सगळ्याचा प्रकाश एकमेकांत मिसळून येतो. तिने काढलेलं वर्तुळ तेवढंच होतं. निळा ठिपका वर्तुळाच्या आत होता.

तिने निबंधावरचे परीक्षकांचे जुने शेरे उघडले.

भिंगाकार दीर्घिकेत वायू जवळजवळ नसतो. मग वायूची इतकी ठळक रेघ आली कुठून, हे निबंध तपासणाऱ्या एका परीक्षकानेही विचारलं होतं. उरलासुरला वायू असावा, असं उत्तर गौरजानेच लिहून दिलं होतं, आणि ते चाललंही होतं. आता तिच्यासमोर दुसरं, साधं उत्तर होतं. ती रेघ त्यांच्या दीर्घिकेची नव्हतीच. मागे, कितीतरी लांब, दुसरी एक लहान निळी दीर्घिका होती आणि रेघ तिची होती.

मग आपली दीर्घिका खरी कुठे? वर्णपटातला एक पट्टा त्यांनी झाकून टाकला होता, कारण रात्रीच्या आकाशाचा स्वतःचा जो मंद उजेड असतो त्याची एक रेघ नेमकी तिथे येते आणि सगळं बिघडवते. गौरजाने तो पट्टा उघडला. तिथे आलेखाच्या रेषेत दोन खड्डे होते, शेजारी शेजारी, म्हाताऱ्या ताऱ्यांमधल्या कॅल्शियमचे असतात तसे. ते खरे असतील तर दीर्घिका पावणेसहा अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास येत होती. तेवढ्या अंतरावर अशा दीर्घिका भरपूर सापडतात. निबंधात नवल उरतच नव्हतं.

सव्वाबारा वाजले होते. गौरजाने लॅपटॉप मिटला नाही आणि फोनही उचलला नाही. ती स्टुलावर बसून राहिली. खड्डे आकाशाच्या उजेडाचे असू शकतात, असं तिने स्वतःला सांगितलं. परीक्षकांना पटलं ते तुला का पटू नये, असंही सांगितलं. जर्मनीचं पत्र तिला पाठ होतं, त्यातली दोन वाक्यं तिने मनातल्या मनात पुन्हा वाचली. घड्याळात एकला पाच कमी होती तेव्हा ती उठली.

ब्रिटो मॅडमचा फोन बंद होता. सर्वेशचाही बंद. तो दिल्लीहून विमानाने परत येत होता, चारनंतर भेटेल असा त्याचा निरोप सकाळीच आला होता. तिने दोघांना ईमेल टाकली. पण नियतकालिकाला निबंध थांबवायला सांगू शकेल असं एकच माणूस होतं. शोध मॅडमचा आहे म्हणून सर्व पत्रव्यवहार त्यांच्याच नावाने ठेवायचा, असा सर्वेशचा आग्रह होता. मॅडम आज मालवणला होत्या. भावाकडे, भाच्याच्या रोसला. कॅथलिक घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलाला नारळाचं दूध लावून न्हाऊ घालतात, तो हा रोस.

गौरजाने लॅपटॉपची बॅग पाठीला लावली आणि स्कूटी काढली. कसालपर्यंत हायवेला ती भरधाव गेली. पुढे मालवणच्या रस्त्याला चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक तिच्यापुढे पडला आणि वळणांमागून वळणं गेली तरी त्याने वाट दिली नाही. कट्टा गावात थांबून तिने पुन्हा फोन लावला. बंदच होता. मालवणात मॅडमच्या भावाच्या, बेनेडिक्ट ब्रिटोंच्या दारातल्या मांडवाशी ती पोचली तेव्हा पावणेतीन वाजले होते.

मांडवात पाटावर नवरामुलगा डायलन बसला होता, डोक्यापासून छातीपर्यंत पांढरा, आणि बायका गात होत्या. मार्गारेटबाईंचे हात कोपरापर्यंत नारळाच्या दुधाने भरलेले होते.

"इलंस? बरा केलंस," त्या गौरजाला म्हणाल्या. कॉलेजात त्या नेहमी प्रमाण मराठी बोलत, घरात मालवणी. "पयली जेव."

"मॅडम, आत येवा जरा. पेपर थांबवूक व्हयो."

बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता मागच्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथे कुणी नव्हतं. गौरजाने उभ्या उभ्याच सांगितलं: निळा ठिपका, वर्तुळ, झाकलेला पट्टा, दोन खड्डे.

"ह्यां तुका सांगल्यान कोणी?"

"महादून."

"खंयचो महादू?"

"फ्लेक्सवालो. तेका तो डाग वाटलो."

बाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "तुका खात्री किती आसा?"

"शंभरात ऐंशी."

"ऐंशी," बाई म्हणाल्या. त्यांनी नळ सोडला आणि हात धुवायला लागल्या. साबण लावला, पुन्हा लावला, कोपरापर्यंत चोळला. पाठमोऱ्याच बोलत राहिल्या. "ऐंशीसाठी कोण पेपर थांबयत नाय, गौरजा. येवंदे छापून. चूक निघाली तर मागसून दुरुस्ती धाडतत. मोठे मोठे धाडतत."

"होय."

"एकतीस वर्षां मी पोरांका लोलक दाखवतंय. तेच पाच प्रयोग. माझ्या नावार एक ओळ नाय खंय. आज पयल्यांदा येतली."

"माझी जर्मनीची जागा पण तेच्यावरच आसा."

"मगे?"

"मगे काय, मॅडम. आता माका कळला."

नळ चालूच होता. बाहेर गाण्याचं एक कडवं संपून दुसरं सुरू झालं. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होती. गौरजाला वाटलं आता बाई मांडवात निघून जातील, आणि त्या गेल्या तर आपण त्यांना दुसऱ्यांदा हाक मारू शकणार नाही. 

बाईंनी नळ बंद केला. पदराला हात पुसले, चष्मा घातला.

"दाखव."

लॅपटॉप ओट्यावर ठेवून दोघी वाकल्या. बाईंनी आधी ठिपका पाहिला, मग वर्णपट. प्रयोगवही तपासताना पाहत तसंच पाहिलं, चूक कुठे आहे ते शोधत. आणि त्यांना ती सापडली.

"आकाशाची रेघ हयसरच पडता. ह्ये खड्डे तिचेच नसतले कशावरनां?"

"तेच्यासाठीच ऐंशी म्हटलंय."

"कॅल्शियम आसा, तर मॅग्नेशियम पण आसूक व्हया. ता खंय पडतला?"

गौरजाने ते केलं नव्हतं. दोन खड्डे दिसल्यावर तिचं डोकं चाललंच नव्हतं. ती लॅपटॉपकडे हात नेणार एवढ्यात बाईंनी ओट्यावरचा रोसच्या गाण्यांचा छापील कागद उलटा केला आणि पेन्सिलीने गुणाकार मांडला. मॅग्नेशियमची मूळ तरंगलांबी पाच हजार एकशे पंचाहत्तर, गुणिले तेवढ्या अंतरावरून येताना प्रकाश जितक्या पटीने ताणला जातो ते एक पूर्णांक सहा दशांश.

"आठ हजार दोनशे ऐंशी. थंय आकाशाची मोठी रेघ नाय. थंय खड्डो नसलो तर पेपर येवंदे. आसलो तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "सरकव."

गौरजाने वर्णपट सरकवला. आठ हजार, आठ हजार शंभर, दोनशे. रेषा थरथरत वरखाली होत होती. दोनशे ऐंशीला ती खाली बसली होती. खोल नव्हती, पण मॅग्नेशियमची असते तेवढीच रुंद होती, आणि जिथे बाईंच्या पेन्सिलीने सांगितलं तिथेच.

बाईंनी कागदावरच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

"खड्डो आसा," बाई म्हणाल्या.

"होय."

"किती वाजले?"

"तीन वाजून दहा."

नियतकालिकाच्या साइटवर शिरायला बाईंच्या फोनवर येणारा आकडा लागणार होता. फोन रोशेलच्या, म्हणजे त्यांच्या भावजयीच्या कपाटात होता, कुणी नारळाचं दूध सांडू नये म्हणून सगळ्यांचे फोन, स्वतःचासुद्धा, तिने बंद करून तिथे कुलुपात ठेवले होते. रोशेल चर्चमध्ये फुलांच्या मांडणीला गेली होती आणि किल्ली तिच्या पर्समध्ये. बेनेडिक्टने चर्चमध्ये माणूस पाठवला. तो परत आला तो सांगत, की बाई चर्चमधून फुलवाल्याकडे गेल्या. साडेतीन झाले. पावणेचार झाले.

"बेनेडिक्ट, कपाट फोड," मार्गारेटबाई म्हणाल्या.

"रोशेल माका ठेवची नाय. ती येईपर्यंत थांब मगे."

"फोड म्हणतंय मी."

बहिणीचा असा आवाज बेनेडिक्टने फार वर्षांत ऐकला नव्हता. त्याने पेचकस आणून बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार उचलून भिंतीला लावून ठेवलं. चार वाजायला पाच मिनिटं होती. घरात नेटवर्कची एकच दांडी होती म्हणून दोघी परसात विहिरीजवळ गेल्या. आकडा दोनदा आला नाही, तिसऱ्यांदा आला. बाई सांगत गेल्या आणि गौरजाने चार ओळी टाइप केल्या: अंतर चुकलं आहे, कारण असं आहे, कृपया प्रकाशन थांबवा. चार वाजून सात मिनिटांनी साइटवरून निरोप गेला. लगेच उत्तर आलं. संपादक सोमवारपर्यंत रजेवर आहेत, हे यंत्राने पाठवलेलं उत्तर.

गौरजाने सर्वेशला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. सव्वाचारला घंटी वाजली.

"आत्ताच उतरलो," सर्वेश म्हणाला. "बॅग यायची आहे. बोल."

तिने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो ठिपका मी पाहिला होता. मला वाटलं तो दीर्घिकेचाच भाग आहे."

"नाहीये, सर."

"गौरजा, बातमी गेलीय सगळ्यांना. संस्थेचे संचालक पाच वाजता बोलणार आहेत. तू घाबरून काहीतरी..."

बाईंनी फोन तिच्या हातातून घेतला. त्यांची मालवणी गेली आणि वर्गातली मराठी आली.

"सर्वेश, मी ब्रिटो मॅडम. मॅग्नेशियम आठ हजार दोनशे ऐंशीला आहे. मी कागदावर काढलं आणि मग पाहिलं, उलट नाही. तुझ्या लॅपटॉपवर वर्णपट आहे. उघड आणि बघ."

पलीकडे विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती. ती संपली. दुसरी सुरू झाली. बाई फोन कानाला घट्ट लावून उभ्या होत्या.

"हो, आहे," सर्वेश शेवटी म्हणाला. "मॅडम, नियतकालिकाच्या ऑफिसचा नंबर आहे माझ्याकडे. लावतो. वेळेत होईल असं मात्र सांगत नाही."

चार वाजून तेवीस मिनिटं. आता करण्यासारखं काही नव्हतं. दोघी विहिरीच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. लॅपटॉप गौरजाच्या हातावर होता, नियतकालिकाचं पान उघडं होतं.

"मॅडम," गौरजा म्हणाली, "माका सव्वाबाराक कळलेला. मी चाळीस मिनटां प्रयोगशाळेत नुसती बसान होतंय. तुमका फोन नाय केलंय."

बाईंनी पानावरची नजर काढली नाही. "मी हात किती येळ धुय होतंय ता तू बघलंस," त्या म्हणाल्या.

साडेचार वाजले. गौरजाने पान ताजं केलं. जुनीच यादी. चार एकतीस, जुनीच. चार तेहतीसला पान एकदम पांढरं झालं आणि नवी यादी वरून खाली उतरायला लागली. गौरजाने एकेक नाव मोठ्याने वाचलं. नऊ निबंध होते. आठवा दीर्घिकांचाच होता, पण दुसऱ्या कुणाचा. बाईंनी तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. दुसऱ्या वाचनाच्या मध्येच सर्वेशचा निरोप आला, एका शब्दाचा. थांबला.

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग त्या प्राचार्यांना फोन लावायला बाजूला गेल्या.  लॅपटॉप गौरजाने कठड्यावर ठेवून दिला.

प्राचार्यांनी तक्रार केली, विनवण्या केल्या, मग फोन आपटला. कॉलेजने एका स्थानिक दैनिकाला आधीच बातमी देऊन ठेवली होती, ती थांबली नाही. शनिवारी सकाळी बाईंचा फोटो पहिल्या पानावर आला, नऊ अब्ज वर्षांसकट. दिवसभर त्यांना अभिनंदनाचे फोन येत राहिले आणि प्रत्येकाला त्या सांगत राहिल्या की बातमी चुकली आहे. लग्नाच्या गर्दीत, भाच्याच्या शेजारी उभं राहून, जेवणाच्या पंगतीत. काहींना वाटलं बाई विनय दाखवताहेत.

रविवारी सत्काराचे पाहुणे आले नाहीत. सत्काराचा साधा निरोपसमारंभ झाला. बाई उठून फळ्याकडे गेल्या आणि आपण कुठे चुकलो ते त्यांनी पंधरा मिनिटं काढून दाखवलं. शेवटी टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. मागच्या रांगेतल्या काही मुलींनी वाजवल्या.

जर्मनीची जागा गेली. त्या प्राध्यापकांची सभ्य भाषेतली चार ओळींची ईमेल आली, पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा अशी. गौरजाने ती आईला वाचून दाखवली नाही, नुसतं नाही झालं म्हणाली. जून उजाडल्यावर ती पुन्हा तासिकांवर शिकवू लागली. सर्वेशने पाच आठवडे तिच्या ईमेलना उत्तर दिलं नाही. सहाव्या आठवड्यात त्याचा स्वतःहून फोन आला. संचालकांनी त्याला खूप बोलून घेतलं होतं. ते सांगून झाल्यावर तो म्हणाला, दोन्ही दीर्घिकांचे वर्णपट वेगवेगळे घ्यायला आपण दुर्बिणीची वेळ मागू. अर्ज तू लिही.

वेळ मिळाली, आणि डिसेंबरात नवे वर्णपट आले. ब्रिटो मॅडम तेव्हा मालवणला भावाच्या घरी राहत होत्या. त्यांनी एकच अट घातली. दोघींनी आपापली मोजमापं अगदी सुरुवातीपासून करायची, आणि संपेपर्यंत एकमेकींशी त्यावर चकार शब्द बोलायचा नाही. सर्वेशशीही नाही.

नऊ दिवस त्या बोलल्या नाहीत. गौरजा कॉलेजातून घरी कुणकेश्वरला आली की तडक लॅपटॉप उघडायची. तिला मध्येच शंका यायची, ती पुसून पुन्हा पहिल्यापासून करायची. दहाव्या दिवशी, दुपारी दोन वाजता ठरल्याप्रमाणे तिने फोन लावला.

"पयली तू सांग," बाई म्हणाल्या.

"भिंगाकार ती पावणेसहा अब्ज. निळी मागची, नऊ. दोन्ही येगळी."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.  

"माझोय तोच आकडो," मार्गारेटबाई म्हणाल्या. "लिहूक घे. पयला नाव तुझा घाल."